पिंपातली किल्ली : चव सांगणारा माणूस निवडायचा कसा?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा या चवीढवीशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो आमच्या एका नापास होण्यातून सुरू झाला. तिथूनच सुरुवात करू.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो इथल्याच एका औद्योगिक वसाहतीत, खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. कंपनीचं नाव सांगण्याचं कारण नाही. म्हणाला, "सर, आम्ही चव परीक्षणासाठी पॅनेल निवडतोय. कंपनीतले लोक आहेतच, बाहेरचेही थोडे हवेत. तुम्ही या ना, गंमत म्हणून." आम्ही गेलो. सूचना आल्या होत्या : तासभर आधी चहा नाही, तंबाखू नाही, अंगाला अत्तर नाही. एका पांढऱ्या खोलीत लहान लहान ग्लास मांडले होते आणि प्रत्येकावर तीन आकडी क्रमांक. चव घ्यायची, थुंकायचं, साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि कागदावर लिहायचं. गोड ओळखलं, आंबट ओळखलं, खारट तर कोणीही ओळखेल. कडूला थोडा वेळ लागला. एका ग्लासापुढे मात्र आम्ही ठामपणे लिहिलं, 'साधं पाणी'.

ते साधं पाणी नव्हतं. त्यात फेरस सल्फेट होतं, लिटरभर पाण्यात १० मिलिग्रॅम. लोखंडाची चव. आमच्या जिभेला ती लागलीच नाही. विद्यार्थी बिचारा ओशाळला. "सर, वयानुसार होतं असं," म्हणाला. खरं आहे ते. लोखंडाची ही 'चव' बरीचशी घशामागून नाकात जाणाऱ्या वासाची असते, आणि वय वाढलं की आधी नाक थकतं.

घरी येताना रिक्षात आमच्या लक्षात आलं की हा ग्लास आपल्या ओळखीचा आहे. तो चारशे वर्षं जुना आहे, आणि तीस वर्षं आम्ही तो वर्गात शिकवत होतो.

स्पॅनिश लेखक सर्वांतेस याच्या 'दोन किहोते'चा दुसरा भाग १६१५ साली आला. त्यात सांचो पांझा आपल्या खानदानाची बढाई मारताना एक गोष्ट सांगतो. त्याच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एकानं जिभेच्या टोकाला लावली, दुसऱ्यानं फक्त हुंगली. एक म्हणाला, लोखंडाची चव येते. दुसरा म्हणाला, लोखंडापेक्षा कातड्याची जास्त. मालक सांगत राहिला की पिंप स्वच्छ आहे. हे दोघे आपल्या म्हणण्याला चिकटून. पुढे वाइन विकली गेली, पिंप धुवायला काढलं, आणि तळाशी सापडली एक छोटी किल्ली, कातड्याच्या वादीला बांधलेली.

हीच गोष्ट डेव्हिड ह्यूमनं १७५७ साली अभिरुचीच्या निकषावरच्या आपल्या निबंधात वापरली. वापरताना थोडी बदलली. ह्यूमच्या गोष्टीत दोघेही चाखतात, दोघेही वाइन चांगली असल्याचं सांगतात, फक्त थोडा कातड्याचा, थोडा लोखंडाचा अंश आहे म्हणतात. आणि लोक दोघांना हसतात. हे हसणं ह्यूमनं घातलं. त्याला ते हवं होतं, कारण त्याचा प्रश्नच तो होता : ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं त्याला आपण ओळखायचं कसं? आपल्याला ती चव लागत नाही, मग त्याला लागते यावर विश्वास का ठेवायचा?

ह्यूमनं खऱ्या परीक्षकाची पाच लक्षणं सांगितली. शाबूत विवेक, सूक्ष्म संवेदना, सराव, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मुक्ती. आजच्या कुठल्याही पॅनेलच्या निवडीचा तक्ता काढून बघा, हीच पाच लक्षणं वेगळ्या नावांनी दिसतील. पण ह्यूमच्या उत्तरात एक भोक आहे आणि ते विद्यार्थी दर वर्षी बरोबर पकडायचे. चांगली कलाकृती कोणती? खऱ्या परीक्षकाला जी चांगली वाटते ती. खरा परीक्षक कोण? ज्याला चांगली कलाकृती ओळखता येते तो. हे गोल गोल फिरणं थांबवते फक्त किल्ली. आणि दर पिंपाच्या तळाशी काही किल्ली नसते.

आपल्याकडे हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरतानं नाट्यप्रयोगाचं मूल्यमापन कसं करावं ते सांगितलं आहे. वाद झाला तर 'प्राश्निक' बोलवावेत. प्राश्निक म्हणजे परीक्षकच. ते दहा : यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक. यादी वाचून आधी हसू येतं, मग लक्षात येतं की ही फार विचारानं केलेली यादी आहे. धनुर्धराला नाटक कळतं की नाही हे भरत विचारत नाही. उभं राहण्याची ढब त्याला कळते. चित्रकारानं वेशभूषा बघावी, वेश्येनं शृंगाराचे उपचार. कोणालाच सगळं विचारायचं नाही. आणि यज्ञवेत्त्याच्या बरोबरीनं वेश्येला परीक्षकांच्या रांगेत बसवताना भरताला अवघडल्यासारखं झालेलं दिसत नाही. आपल्या राज्यातल्या नाट्यस्पर्धांच्या परीक्षक मंडळात इतकं वैविध्य आम्ही तरी पाहिलेलं नाही.

भरताचं उत्तर ह्यूमपेक्षा वेगळं आहे. तो एक उत्तम परीक्षक शोधत नाही, कामं वाटून देतो. पण निवडीची कसोटी तोही सांगत नाही. धनुर्धर आहे म्हणजे त्याला कळत असणार. धंदा हीच पात्रता.

जुन्या जगात ती तशीच होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचं अन्न आधी अग्नीला, पक्ष्यांना द्यायला सांगितलं आहे, आणि वैद्यानं औषध आधी स्वतः व आचाऱ्याकडून चाखून मगच राजाला द्यावं असं आहे. तिथे जीभ किती तीक्ष्ण याला महत्त्व नाही. जीव कोणाचा जाणार याला आहे. उलट टोकाला आपली शबरी. वाल्मीकींच्या रामायणात बोरं चाखून देण्याचा प्रसंग नाही, तो नंतर आला, पण लोकांनी तो इतका मनात धरला की पंचवटीत आज कोणालाही विचारा, शबरी म्हटलं की उष्टी बोरंच आठवतात. गोड कोणतं हे एकेक चाखून ठरवणारी ही बाई. तिची निवड कोणी केली नव्हती. आणि आपल्याच घरांत, नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही म्हणून मिठाचा अंदाज नुसत्या वासावर घेणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. त्यांचा अंदाज क्वचितच चुकायचा. त्यांची परीक्षा मात्र कधी कोणी घेतली नाही. मीठ कमी पडलं तर बोलणी तेवढी बसायची.

आता विसाव्या शतकात येऊ, कारण खरा बदल तिथे झाला. आमच्या मते तो बदल एका वाक्यात सांगता येतो : पिंपात किल्ली सापडेपर्यंत वाट बघायची नाही, किल्ली आपणच आधी टाकून ठेवायची.

इंग्लंडमधलं रॉथॅमस्टेडचं शेती संशोधन केंद्र. १९२०च्या दशकात तिथे रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ काम करत. म्युरिएल ब्रिस्टल या शैवालाच्या अभ्यासक त्यांच्या सहकारी. त्यांचं म्हणणं, कपात दूध आधी घातलं की चहा आधी घातला हे त्यांना चवीवरून कळतं. लोक हसले. ह्यूमच्या गोष्टीसारखेच. फिशर यांनी मात्र ते परीक्षेला लावलं. त्यांच्या १९३५च्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात तो प्रयोग आहे, बाईंचं नाव न घेता. आठ कप. चारात दूध आधी, चारात चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. बाईंनी दूध आधी घातलेले चार कप वेगळे काढायचे. आठातून चार निवडण्याच्या रीती ७०. म्हणजे काहीच न कळणाऱ्या माणसाला नुसत्या नशिबानं सगळं बरोबर येण्याची शक्यता ७० त १. तीन बरोबर आणि एक चूक चालेल का? नाही चालणार, कारण तसं होण्याच्या रीती १६ आहेत. म्हणजे ७० पैकी १७ वेळा, जवळजवळ चारात एकदा, अडाणी माणूसही तेवढं करून दाखवेल.

गंमत अशी की बाई पास झाल्या की नापास, हे त्या पुस्तकात नाहीच. फिशर यांना त्यात रस नव्हता. हसणं आणि विश्वास ठेवणं यांच्या मध्ये एक तिसरी जागा असते, ती त्यांना दाखवायची होती. कोणाचा शब्द मानायचा याचं उत्तर आता त्या माणसाच्या हुद्द्यात, घराण्यात किंवा आत्मविश्वासात नव्हतं. ते कपांच्या मांडणीत होतं.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली आणि ती आणण्यात मराठी माणसांचा मोठा हात आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९३६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेतली. फिशर तेव्हा तिथेच प्राध्यापक होते. पुढे १९५४ साली व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीतल्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचं पुस्तक निघालं. आपल्या कृषी महाविद्यालयांतून शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांनी ते उघडलेलं आहे. कुठलंही वाण दुसऱ्यापेक्षा चांगलं असं नुसतं म्हणून चालत नाही, वाफे चिठ्ठ्या टाकून वाटावे लागतात, हे आपल्याकडच्या शेतकी पदवीधराला त्या पुस्तकानं शिकवलं. तीच शिस्त वाफ्यांवरून जिभेकडे वळवायची, इतकंच बाकी होतं.

ती वळवली दारू गाळणाऱ्यांनी. १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत आणि अमेरिकेत सीग्रॅमच्या डिस्टिलरीत जवळपास एकाच काळात एक साधी चाचणी रुजली. तीन ग्लास द्यायचे. दोनांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. वेगळा कोणता ते सांगा. हिला ट्रँगल टेस्ट म्हणतात. नशिबानं बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. लागोपाठ सहा वेळा नशिबानं बरोबर येणं ७२९ त एक. इथे परीक्षकाला वाइनची भाषा यायला नको, आवड सांगायला नको, कुठल्या घरचा ते सांगायला नको. वेगळा ग्लास दाखव, बस. आणि उत्तर आधीच ठरलेलं आहे. किल्ली आपण टाकलेली आहे.

मग प्रश्न आला, किती वेळा विचारायचं? माणूस थकतो, जीभ बोथट होते, साहेबांचा वेळ जातो. इथे अब्राहम वाल्ड यांचं नाव घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कमध्ये युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी त्यांनी एक पद्धत काढली. १९४७ साली तिचं पुस्तक झालं. आधीच 'शंभर नग तपासा' असं ठरवायचं नाही. एक तपासा, मग ठरवा : घ्यायचा, टाकायचा की अजून बघायचं. १९५१ साली हीच पद्धत चव परीक्षकांच्या निवडीला कशी लावायची ते एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं गेलं. कागदावर दोन समांतर तिरक्या रेषा काढायच्या. उमेदवाराची बरोबर उत्तरं एकेक करून मांडत जायची. रेघ वर निघून गेली की माणूस घ्या. खाली उतरली की आभार माना, चहा पाजा, घरी पाठवा. दोन रेषांच्या मध्ये घुटमळत राहिला तर आणखी तीन ग्लास द्या. स्वतः वाल्ड हे बघायला नव्हते. डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानं द्यायला आले असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते आणि त्यांच्या पत्नी गेल्या.

आम्हाला त्या दिवशी अशाच दोन रेषांच्या खालून बाहेर काढलं होतं. अपमान वाटला का? थोडा. पण अमुक एका माणसाला आम्ही आवडलो नाही म्हणून नव्हे, या गोष्टीचं बरं वाटलं.

इथे एक पोटप्रश्न येतो, तो घाईत सांगतो. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत होते. थोडी उडाली. शेजारचा सहकारी ओरडला, किती कडू! फॉक्स यांना काहीच लागेना. ते रसायन म्हणजे पीटीसी. आपल्यापैकी ज्यांनी जीवशास्त्र घेतलं असेल त्यांनी कॉलेजात त्याचा कागद जिभेवर ठेवला असेल. मानववंशशास्त्राच्या लोकांनी तर तो कागद देशभर फिरवला. तो कडूपणा लागणं न लागणं हे मुख्यतः एका जनुकावर आहे, हे २००३ साली कळलं. निवडणाऱ्यांसाठी यातून एवढंच निघतं की 'चांगली जीभ' अशी सरसकट गोष्ट नसते. एखाद्याला लोखंड लागेल, कारल्यातला एखादा कडूपणा लागणार नाही. ज्या पदार्थासाठी पॅनेल, त्या पदार्थावर परीक्षा. भरताची वाटणी वेगळ्या दारातून परत आली म्हणा.

या सगळ्यातून कागदपत्रं तयार झाली. आपल्या भारतीय मानक संस्थेनं, म्हणजे आजच्या मानक ब्युरोनं, १९७१ सालीच अन्नाच्या संवेदी परीक्षणासाठी मार्गदर्शक मानक काढलं. आंतरराष्ट्रीय मानकाचा परीक्षक निवडीचा भाग १९९३ साली आला आणि नंतर सुधारत गेला. त्यातली व्यवहाराची कलमं वाचण्यासारखी आहेत. लागतील त्याच्या दुप्पट-तिप्पट माणसं बोलवा. सर्दीचा कोठा असलेले, कवळीमुळे चावण्याचा अंदाज न येणारे, ॲलर्जीवाले बाजूला काढा. त्या पदार्थाचा धर्मानं, तत्त्वानं किंवा मनानं तिटकारा असेल त्याला घेऊ नका. जे जाणवलं ते शब्दांत सांगता यायला हवं. आणि माणूस वेळेवर हजर राहू शकणारा हवा. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

नाशिकला हे सारं मोठ्या प्रमाणावर वाइनबरोबर आलं. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंचांच्या मदतीनं फसफसणारी वाइन काढली होतीच. २००० साली सुलाची पहिली वाइन आली, २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. द्राक्ष पिकवणारा शेतकरी इथला. पण चाखणार कोण? आमच्या ओळखीत असे बागायतदार आहेत की ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वाइनचा थेंब ओठाला लावायचे नाहीत. पण बागेत शिरले, मणी तोंडात टाकला, बी दाताखाली फोडली की सांगतील, अजून चार दिवस थांबा, बी हिरवट आहे. साखर मोजायचं यंत्र खिशात असतं, ते नंतर निघतं. हा माणूस द्राक्षाच्या पॅनेलवर पहिला घ्यावा असा आणि वाइनच्या पॅनेलवर नियमानं बाद.

दुसरी अडचण शब्दांची. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं. फार उपयोगी वस्तू. पण त्यातले ब्लॅककरंट आणि रास्पबेरी आमच्या दिंडोरी-निफाडच्या पोरानं कुठे हुंगायचे? त्यानं करवंद हुंगलंय, जांभूळ, पेरू, ढोबळी मिरची, ओल्या मातीत पडलेला आंब्याचा मोहोर हुंगलाय. त्याला रास्पबेरी पाठ करायला लावली तर तो पाठ करेल, आणि मग आपण नाकाची नव्हे, पाठांतराची परीक्षा घेत असू.

उलट काही ठिकाणी मराठी माणूस पुढे आहे हे आम्ही अभिमानानं नव्हे, नोंद म्हणून सांगतो. इंग्रजी बोलणाऱ्यांची आंबट आणि कडू या शब्दांत गल्लत होते हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. रेड वाइनमधल्या टॅनिनची चव ओळखायला त्यांना वेगळं शिकवावं लागतं. आपल्याकडे 'तुरट' शेंबड्या पोरालाही माहीत. चरकसंहितेत रसांची संख्या किती यावर ऋषींचा मोठा वाद आहे. एकापासून असंख्यांपर्यंत मतं पडतात आणि शेवटी आत्रेय सहा ठरवतात, त्यात तुरट, म्हणजे कषाय, आहेच. आणि वासांचं बघा : खवट, कुबट, करपट, बुरसट, मातकट, धुरकट, वशाट, शिळवट. 'ट' लागला की काहीतरी बिघडलं. दोष सांगायला इतके नेमके शब्द असलेली भाषा निवडीच्या फॉर्मवर मात्र दिसत नाही. दूध संकलन केंद्रावर कॅनचं झाकण उघडताच नाक लावून 'हे बाजूला काढा' म्हणणारा माणूस यातल्या तीन-चार शब्दांवर वर्षानुवर्षं काम करतो.

आता, किल्ली टाकून निवडलेले सगळे परीक्षक विश्वासाचे असतात का? कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक होते, स्वतःची छोटी वाइनरी असलेले. तिथल्या राज्य मेळ्यातल्या वाइन स्पर्धेत त्यांनी संयोजकांच्या संमतीनं एकाच बाटलीतली वाइन त्याच परीक्षकांपुढे, न सांगता, तीनदा ठेवली. २००८ साली निकाल छापला. आपलाच निवाडा एका पदकाच्या पट्ट्यात टिकवणारे परीक्षक सुमारे १० टक्के निघाले. लक्षात घ्या, ही नामवंत मंडळी होती. धंद्यावरून, नावावरून निवडलेली. भरताच्या वेळची रीत.

यावर प्रयोगशाळेची माणसं म्हणतील, बघा, म्हणून आमची पद्धत बरी. मान्य. पण ह्यूमच्या गोष्टीकडे परत एकदा बघू. किल्ली सापडली तेव्हा काय सिद्ध झालं? लोखंड आणि कातडं होतं, एवढंच. 'वाइन चांगली आहे' हे जे दोघेही म्हणाले होते त्याबद्दल किल्ली गप्प आहे. आजचं शास्त्र हे प्रामाणिकपणे मान्य करतं आणि म्हणून त्यानं ह्यूमच्या परीक्षकाचे दोन तुकडे केले. एक प्रशिक्षित पॅनेल, आठ-दहा जणांचं. त्यांना चव कळते, पण आवडलं का हे त्यांना विचारायचंच नाही. दुसरे ग्राहक, शंभरेक. त्यांना आवडलं का एवढंच विचारायचं, का आवडलं हे नाही. अमेरिकी सैन्यात शिपाई ताटात अन्न टाकून देत होते, त्यावर काम करताना १९५०च्या सुमारास डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पायऱ्यांची पट्टी केली : अत्यंत आवडलं इथपासून अत्यंत नावडलं इथपर्यंत. ती पट्टी मराठीत आणताना काय होतं ते कोणी करून बघावं. पाहुण्यांकडे आपण सगळेच 'छान झालंय' म्हणतो, आणि घरी 'बरं आहे' म्हणतो. हे 'बरं आहे' नवातलं कितवं, ते म्हणणाऱ्याच्या बायकोला विचारावं लागेल.

ही फाळणी सोयीची आहे, पण आमच्या मते तिची एक किंमत आहे. ज्याला कळतं त्याला 'हे चांगलं नाही' म्हणायची सोय उरत नाही. चव तीच आहे, ठरल्याप्रमाणे आहे, एवढं तो सांगू शकतो. जे ठरलं ते ठरवताना तो खोलीत नव्हता.

आता त्या कलमाकडे. आम्ही नापास झालो त्याच दिवशी कंपनीच्या कँटीनमधल्या एक मावशीही परीक्षेला बसल्या होत्या. मानकात आतली माणसं घ्यायला मुभा आहे, म्हणून विद्यार्थ्यानं कँटीनलाही बोलावलं होतं. त्याचं कौतुक केलं पाहिजे. फॉर्म इंग्रजीत होता, तो एका शिकाऊ मुलीनं विचारून विचारून भरला. मावशींनी सगळे ग्लास बरोबर सांगितले. आम्ही ज्याला साधं पाणी म्हटलं तो ग्लास त्यांनी नाकाजवळ नेला आणि मुलीला विचारलं, "हे गच्चीवरच्या जुन्या टाकीतलं आहे का गं?" मुलीनं लिहिलं, 'धातूची चव'.

पॅनेलची बैठक सकाळी अकराची ठेवली होती. ते शास्त्राला धरूनच आहे. नाश्ता होऊन दोन तास झालेले, जेवणाला अवकाश, जीभ ताजी. फक्त अकरा वाजता कँटीनमध्ये भात लागलेला असतो आणि दोन भाज्या फोडणीला. मावशींना चूल सोडून येता येईना. आम्ही विद्यार्थ्याला म्हटलं, "अरे, चारची वेळ ठेव." तो म्हणाला, "सर, चारला लॅबमध्ये माणूस नसतो. आणि एकाच वेळी सगळ्यांनी यायला लागतं." त्याचंही चूक नव्हतं. हजर राहू न शकणाऱ्या उमेदवाराला वगळावं, असं लिहिलेलंच आहे.

परवा तो भेटला तेव्हा आम्ही मुद्दाम विचारलं. पॅनेलवर आता नऊ जण आहेत, सगळे ऑफिस आणि लॅबमधले, काम चांगलं चाललंय. मग थोडं थांबून म्हणाला, नवीन खेप आली आणि काही शंका वाटली, तर दुपारी जेवणं आटोपल्यावर तो स्वतः एक वाटी घेऊन मावशींकडे जातो. त्या सांगतात ते बहुतेक बरोबर निघतं. त्याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर करता येत नाही, कारण त्या पॅनेलवर नाहीत.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.